ड्रमच्या पोटातली गोधडी

"खरं सांगा, मावशी."

हे म्हणताना तो मान डावीकडे कलती करायचा आणि समोर जे असेल ते दोन बोटांनी वाजवायचा. दाराची चौकट, पाण्याचा जार, स्वतःचा गुडघा. उत्तर येईपर्यंत बोटं थांबायची नाहीत. ज्याचे हात बसल्या जागी बसत नाहीत असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पण याचं तेच काम होतं. आपल्या शहरातल्या एका नावाजलेल्या रॉक बँडमध्ये तो ड्रम वाजवायचा.

पुंडलिकनगरात त्यांनी एक बंगला भाड्यानं घेतला होता. वरच्या खोलीत सराव चालायचा, खाली स्वयंपाकघर. आवाज शेजारी जाऊ नये म्हणून वरच्या भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवले होते. तरी जायचाच. मी पडेगावहून दोन बस बदलून सकाळी यायची, झाडलोट करायची, चौघांचा स्वयंपाक करायची. कॉलेजची पोरं फाटकाशी येऊन त्यांच्यासोबत फोटो काढायची. क्रांती चौकात त्यांचा भला मोठा फोटो लागला होता. त्यात हा सगळ्यात मागं, गाणाऱ्याच्या खांद्याआड अर्धा झाकलेला.

"ड्रमवाला मागंच असतो मावशी," तो म्हणायचा. "दिसला नाय तरी चालतंय. ऐकू आला पायजे."

मला कुणी काही विचारलं की मी "चांगलं आहे" म्हणते. सासरी पहिल्या दिवशी साडी कशी आहे म्हणून विचारलं, तेव्हापासूनची ही सवय. ती साडी मला मुळीच आवडली नव्हती. तो रोज वरून घामानं भिजून खाली यायचा आणि विचारायचा, "कसं वाजलं?" मी म्हणायची, "चांगलं."

"तुम्हाला सगळंच चांगलं वाटतं व्हय? मग माझं वाजवणं चांगलं का त्या भंगारवाल्याचं?"

"दोन्ही," मी म्हटलं.

तो इतका हसला की जिन्यावरच बसला. पुढं पंधरा दिवस तो स्वतःची ओळख भंगारवाला म्हणूनच करून देत होता. पण विचारायचं काही सोडलं नाही. "एक दिवस तरी खरं सांगाल मावशी. मी वाट बघतो."

एकदा त्यानं माझ्याकडं जुनी गोधडी मागितली. मोठ्या ड्रमचा आवाज लई फुटतो, म्हणाला, पोटात काहीतरी मऊ घातलं की गोल होतो. मी घरची एक दिली, दोन जुन्या लुगड्यांची, मीच शिवलेली. त्यानं ड्रमचं एका बाजूचं कातडं काढलं आणि बाळाला झोळीत घालावं तशी ती आत नीट बसवली. मग पायानं दोन ठोके दिले. "ऐका. आता तुमची गोधडी गाण्यात आहे."  त्यानंतर वरून तो ठोका आला की मला छातीत कळायचं, हे आपलं आहे.

जेवणाआधी तो ओट्याच्या टोकाला येऊन बसायचा. बंगल्यातली भांडी लहान, म्हणून मी माझी पितळेची परात तिथं नेऊन ठेवली होती. मी भाकरी थापायची आणि तो परातीच्या काठावर बोटांनी साथ धरायचा. थप थप माझी, टिण टिण त्याची.

"शेवटच्या दोन भाकरींना तुमचा हात पळतो मावशी. घाई कसली? बस काय सुटत नाय."

मी जन्मभर भाकरी थापल्या, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लक्ष देऊन पाहिलं. खरंच पळत होता.

अशाच एका दुपारी गाणारा आला आणि त्यानं फोन परातीजवळ धरला. मी पदर सावरला. "व्हिडिओ नाही मावशी, फक्त आवाज. थांबू नका, चालू द्या," तो म्हणाला. पाच-सहा भाकरी होईपर्यंत त्यानं फोन धरून ठेवला.

मग तो गाणारा मुंबईला जाऊन आला आणि परतला तो दुसराच होऊन. नवा अल्बम करायचा, पण आधीसारखा नाही. "लोकांचे कान बदललेत. तेच तेच वाजवून आपल्यालाच कंटाळा आलाय," तो म्हणायचा. वर एक कॉम्प्युटर आला. त्यात ढोल, झांज, शिट्टी, सगळंच होतं. गाणारा चूक बोलत होता असं मला आजही म्हणता येत नाही. जुनी गाणी एकामागून एक ऐकली की मलाही कोणतं कुठं संपलं ते कळायचं नाही.

वर भांडणं होऊ लागली. गाणारा आणि गिटारवाला नव्याच्या बाजूनं. हा आणि मोठी गिटार वाजवणारा जुन्याच्या बाजूनं.

"बदला ना," हा म्हणत होता. जिना पुसताना मला ऐकू येत होतं. "मी कुठं नाय म्हणतो? पण बदलताना मला संगं घ्या."

तिढा सुटेना तेव्हा त्यानंच सुचवलं, "मावशीला विचारू. मावशीचा कान बाहेरचा आहे. ती खोटं बोलणार नाय." गाणारा आधी हसला, मग बरं म्हणाला.

मला वर बोलावलं. हात ओलेच होते. एकच गाणं दोनदा लावणार होते, कोणतं आवडलं तेवढं सांगायचं. त्यावर काय ठरणार आहे हे कुणी सांगितलं नाही. चौघं माझ्याकडं बघत होते आणि मी अंड्यांच्या ट्रेकडं.

पहिलं लावलं. त्यात ड्रम होता, माझी गोधडी होती, छातीत कळलं. मग दुसरं लावलं. ते शांत होतं. गाण्यातले शब्द मला पहिल्यांदाच नीट ऐकू आले. आणि मागं काहीतरी बारीक वाजत होतं. कुठलं ते कळेना, पण घरात बसल्यासारखं वाटत होतं.

"मौसी, डरो नक्को," गिटारवाला म्हणाला. "बस पहला या दूसरा बोलो."

मी ड्रमवाल्याकडं पाहिलं. मान कलती, बोटं गुडघ्यावर चालू. "खरं सांगा, मावशी."

"दुसरं," मी म्हटलं.

त्याची बोटं थांबली नाहीत. "अजून काय?" त्यानं विचारलं. "का दुसरं?"

ते घरासारखं वाटलं, हे अगदी ओठापर्यंत आलं होतं. पण चौघं बघत होते. "बस, एवढंच," म्हणून मी खाली आले. मागून गाणाऱ्याचा आवाज आला, "बघ. मावशीला कळतं ते तुला कळेना."

दुपारी हा खाली आला, दोन भाकरी खाल्ल्या. परातीला हात लावला नाही. मला त्यात काही वाटलं नाही. उलट मी त्या दिवशी खूश होते. मला कुणी विचारलं होतं, मी खरं सांगितलं होतं आणि ते मानलं गेलं होतं. बसमध्ये मी एकटीच हसत पडेगावपर्यंत गेले.

आठवड्यानं मी आले तर अंगणात ड्रमचे सुटे केलेले भाग टेम्पोत चढत होते. त्यानं मोठ्या ड्रममधून गोधडी काढली, झटकली, चौघडी घातली आणि माझ्या हातात दिली. "घ्या मावशी. तिचं काम झालं."

मी म्हटलं, "चांगलं."



नवा अल्बम गाजला. रिक्षात, टपरीवर, जिकडं तिकडं तेच. माझी सूनसुद्धा भांडी घासताना गुणगुणायची.

पुढं बहिणीकडं कन्नडला गेले तेव्हा बाजाराच्या रस्त्यावर तो दिसला. भावाच्या पाइपांच्या दुकानात गल्ल्यावर बसला होता. "मावशी!" म्हणून उठला, स्टूल दिलं, चहा मागवला. बोलताना दोन्ही हात काचेवर ठेवले होते. ते हलत नव्हते. माझं लक्ष तिकडंच.

"दादा, माझ्यामुळं झालं," मी म्हटलं.

"काय?"

"दुसरं म्हणाले ते."

"का म्हणाला होतात दुसरं? आता तरी सांगा."

"घरच्यासारखं वाटलं."

त्यानं मान हलवली. "वाटणारच. तुमची परात होती ती. बोटं माझी. त्यानं फोनमध्ये धरलं, अन् कापून कापून गाणंभर लावलं."

माझ्या हातात चहा होता, तो तसाच राहिला. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या ठेक्यालाच कळलं. म्हणून तर तुमचं नाव घेतलं. वाटलं, मावशी वळखणार. म्हणणार, अरे हे तर दादांचंच आहे."

"तुम्हीच का नाही बोललात?"

"मी बोललो असतो तर मागितल्यागत झालं असतं." तो हसला. जिन्यावर बसून हसायचा ते हे हसू नव्हतं. "त्यांनी बोटं ठेवून घेतली मावशी. माणूस कशाला लागतोय?"

एक गिऱ्हाईक आलं. त्याला अर्ध्या इंचाचा नळ हवा होता. तो दाखवायला उठला आणि मी उठून एसटीकडं निघाले. मी तेवढं एक वाक्य बोलले असते तर काही बदललं असतं का, मला माहीत नाही. कदाचित नसतं. पण ते माझ्याजवळ होतं आणि मी ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावरून परतताना पिशवीत घालून परात घरी आणली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

महिनाभरानं गाणारा आणि गिटारवाला दोघं स्वयंपाकघरात आले. पुण्याला मोठा कार्यक्रम होता. "मौसी, वो परात देते क्या? स्टेज पे बजाने कू." गाणारा म्हणाला, वर उजेड सोडू, लोक वेडे होतील.

"मोडीत दिली," मी म्हटलं.

"अशी कशी दिली मावशी?"

"चीर गेली होती."

त्यांनी लगेच मानलं. मावशी खोटं बोलत नाही, हे ड्रमवाल्यानंच त्यांना सांगून ठेवलं होतं. मग त्यांनी बाजारातून नवी आणली. ती तशी वाजत नाही म्हणून अजून कुरकुरतात.

परात माझ्या घरी आहे. रोज तीतच भाकरी करते. वाजू नये म्हणून खाली ती गोधडी घालते, चौघडी तशीच ठेवून. शेवटच्या दोन भाकरींना हात अजून पळतो.