जिवतीचा करडा ठिपका

"जिवतीले मशीन द्या पुन्हा, पण त्या छायाबाईच्या हाती नका देऊ," आमचे संस्थाप्रमुख प्रमोदभाऊ म्हणाले. "बाई मशीनची पूजा करत होती, सुरू नव्हती करत."

बैठकीत सगळे हसले. मी लॅपटॉपच्या पडद्याआड होते, आणि मीही हसले. थोडंसं. हसणाऱ्यांत बसलं की आपल्याकडे कुणी पाहत नाही, हे मला शाळेपासून ठाऊक आहे.

पुढे जे लिहिते आहे ते मी कधीच कुणाला सांगितलं नाही. घरीही नाही. त्या दिवशी बैठकीत चार वाक्यं बोलले तेवढीच. पण त्या चार वाक्यांनंतर छातीवरचं काहीतरी उतरलं आहे, म्हणून आता बाकीचंही सांगता येईल असं वाटतं.

आमची संस्था गावांमध्ये अभ्यासिका चालवते. प्रत्येक अभ्यासिकेत एक कॉम्प्युटर, आणि चंद्रपूरच्या ऑफिसात मी — त्या सगळ्यांवर लक्ष ठेवणारी. लक्ष म्हणजे काय? माझ्या पडद्यावर गावांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे एक ठिपका. गावातल्या मशीनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला असतो. तो अधूनमधून आमच्या सर्व्हरला कळवतो की मी आहे, माझ्यात हे हे आहे, नवीन काही काम असेल तर सांगा. असा निरोप येत राहिला की ठिपका हिरवा. बरेच दिवस आला नाही की करडा. बस, एवढंच. मशीनसमोर कुणी बसलंय का, हे तो ठिपका पाहत नाही. त्याला फक्त निरोप कळतो, आणि निरोप कुणाच्या नावाने आला ते.

जिवतीचा ठिपका करडा होता.

छायाताई तिथली अभ्यासिका सांभाळायच्या. डोंगरावरचं गाव, मोबाईलच्या नेटवर सगळं चालायचं. प्रमोदभाऊंनी मला विचारायला सांगितलं, मी फोन केला. "रोज सुरूच रायते ना मॅडम," त्या म्हणाल्या. "पोट्टे फारम भरून राह्यले आत्ताच." मागे खरंच पोरांचा गोंधळ ऐकू येत होता. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "माह्यंच काही चुकत असंन का? बटन बरोबरच दाबून राह्यली ना मी?"

मी म्हणाले, "पाहते."

आणि पाहिलंही. अडचण तिथेच आहे — मी पाहिलं. मोहर्लीच्या मशीनची माहिती उघडली, तर 'शेवटचं कोण बसलं होतं' यापुढे नाव दिसलं: छाया. मोहर्लीच्या मशीनवर जिवतीच्या छायाताई? दोन गावांमध्ये अख्खा जिल्हा आहे.

मला लगेच कळलं. दोन्ही मशिनी मीच तयार केल्या होत्या. घाई होती, म्हणून एक नीट लावली आणि तिची डिस्क जशीच्या तशी दुसरीत उतरवली. असं करतात, त्यात गैर काही नाही. फक्त त्याआधी पहिल्या मशीनची ओळख — त्या छोट्या प्रोग्रॅममधला तिचा नंबर — पुसावी लागते, म्हणजे दुसरी स्वतःची नवी ओळख घेते. ती पुसायची मी विसरले. दोन्ही मशिनी एकाच ओळखीने बोलत होत्या. सर्व्हरला वाटे, एकच आहे — मोहर्ली. जिवतीचं नाव यादीत मी हाताने टाकलेलं, त्या नावाने निरोप येणार कुठून?

दुरुस्ती सोपी होती. पण ती करायला मशीन हातात हवी, आणि मशीन मागवायची तर कारण सांगायला हवं. मी कमी बोलते, त्यामुळे ऑफिसात लोक मला हुशार समजतात. तो समज मला आवडायचा. तो मोडायचा होता का मला? — नव्हता. म्हणून गप्प बसले.

प्रमोदभाऊंनी रफीकभाऊंना गाडी घेऊन पाठवलं, मशीन परत आणायला. रफीकभाऊ आले आणि म्हणाले, "भाऊ, मी गेलो तं मशीनचा डब्बा गरम होता. पोट्टे बसले होते समोर."

"उन्हानं तापला असंन," प्रमोदभाऊ म्हणाले.

मी तिथेच होते. बोलायची वेळ तीच होती, नाही का?

उलट मी त्याहून वाईट केलं. मशीन टेबलावर आली तशी मी निमूटपणे तिची ओळख पुसली, नवी दिली. थोड्या वेळाने ठिपका हिरवा झाला. प्रमोदभाऊंनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. "पाहा, इथी कशी चालते! मशीन चांगली हाये, बाईच कामचोर." माझी दुरुस्ती छायाताईंच्या विरोधातला पुरावा झाली. मशीन नागभीडच्या अभ्यासिकेला गेली. अभ्यासिकेला कुलूप लागलं, छायाताईंचं काम गेलं. गावात त्यांचं नाव काय झालं असेल, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणी सांगितलं असतं.

आणि आता, इतक्या दिवसांनी, जिवतीला नवी मशीन जाणार होती, आणि तोच विनोद पुन्हा झाला होता. रफीकभाऊ हसत नव्हते. ते माझ्याकडे पाहत नव्हते, कुणाकडेच नाही, खिडकीबाहेर पाहत होते. मी लॅपटॉप मिटला. पडद्याआड लपायची सोय गेली. मग उभी राहून चार वाक्यांत सांगितलं — डिस्क, ओळख, ठिपका. माझं मराठी मध्येच अडकलं, इंग्रजीत गेलं, परत आलं. कुणी हसलं नाही.

 प्रमोदभाऊ म्हणाले, "आमाले काऊन सांगतेस? तिले सांग." आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

सगळ्यांसमोर रिंग वाजत राहिली. छायाताईंनी उचलला. "हॅलो, कोन?"

मी नाव सांगितलं. मग म्हणाले, "छायाताई, बटन तुम्ही बरोबरच दाबत होता. चूक माझी होती. मला तेव्हाच माहीत होतं."