माझ्या वाटणीचे पाच किलोमीटर

आमच्या साडूंना देवाने मरणाची तारीख आठ महिने आधी कळवली, तर ते त्या आठ महिन्यांत अशी काही तयारी करतील की न्यायला आलेल्यालाच संकोच वाटावा. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. गाव वळसंग, घर जुळे सोलापुरात, धंदा विहिरीच्या आणि बोअरच्या मोटारी दुरुस्त करण्याचा. घरी कानडी बोलतात, दुकानात मराठी, आणि जळालेली मोटार उघडल्यावर तिच्याशी जे काही पुटपुटतात ते कुठल्या भाषेत मोडतं हे मला अजून कळलेलं नाही. मुलीच्या दहावीच्या वेळी ते परीक्षेच्या आदल्या दिवशी केंद्रावर जाऊन तिच्या नंबरचा बाक हलवून बघून आले. डुगडुगत होता. खिशात पाचर होतीच. मुलीला पंच्याऐंशी टक्के पडले तेव्हा सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, साडू मात्र तीन दिवस बाकाबद्दल बोलत होते.

अशा माणसाने वयाच्या बावन्नाव्या वर्षी हिमालयात जायचं ठरवलं. कारण साधं होतं. त्यांनी बर्फ कधी पाहिला नव्हता. म्हणजे फ्रिजमधला, गोळेवाल्याकडचा पाहिला होता, पण "आपनहून पडल्याला, कुनी न केल्याला बर्फ" बघायचा राहिला होता. साडेबारा हजार फुटांच्या एका शिखराची आठ दिवसांची मोहीम त्यांनी शोधून काढली आणि सोबत म्हणून मला विचारलं. मी चोपन्न वर्षांचा, सत्तावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवतो. हिमालयाची निर्मिती मी फळ्यावर इतक्या वेळा केली आहे की तो थोडाफार माझाच आहे असं मला वाटायला लागलं होतं. मी हो म्हणालो आणि दुसऱ्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत जाहीरही करून टाकलं. प्रत्यक्षात मी चढलेली सगळ्यात मोठी उंची म्हणजे आमच्या शाळेची गच्ची.

साडूंची तयारी एप्रिलात सुरू झाली. वर थंडी असणार, तेव्हा कपड्यांची सवय आत्तापासून पाहिजे, म्हणून ते सोलापूरच्या उन्हात सकाळी स्वेटर, त्यावर जाकीट आणि कानटोपी घालून फिरायला निघत. कॉलनीत आधी त्यांना हिवताप झाल्याची बातमी पसरली, मग मोठा आजार झाल्याची. एक गृहस्थ तर हळूच माझ्याजवळ येऊन डॉक्टरांचा पत्ता देऊन गेले. संध्याकाळी पाठीवर बारा किलो ज्वारीची पिशवी बांधून ते शेजारच्या चार मजली इमारतीचे जिने चढत-उतरत. तिथल्या एका बाईंनी त्यांना कामावरचा माणूस समजून तिसऱ्या मजल्यावर गॅसची टाकी न्यायला सांगितली. साडूंनी नेली. वर "रिकामी टाकी खाली न्यायची हाय का?" असंही विचारलं. मी त्यांना म्हणालो, अहो, नाही सांगायचं की. ते म्हणाले, "सांगनार हुतो पाव्हनं, पन तेवढाच सराव."

मे महिन्यात त्यांनी बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी टेम्पोत घालून आणली. बर्फावर बूट घसरतात की नाही हे घरीच बघून घ्यावं, असा विचार. अंगणात गोणपाटावर लादी ठेवली आणि आम्ही दोघं नवे कोरे बूट घालून पाळीपाळीने तिच्यावर उभे राहिलो. साडू उभे राहिले. मी आडवा झालो. शेजारपाजारचे सगळे कुंपणाशी जमले होते, मला भयंकर राग आला. साडू तेवढे हसले नाहीत. माझं कोपर चोळत म्हणाले, "बूट बेकार हायती, तुमचं काय न्हाय." नंतर त्यांनी तेच बूट स्वतः घेतले आणि त्यांचे मला दिले. उरलेली लादी शेजाऱ्यांनी फोडून सरबताला नेली.

इथपर्यंतचं मी शाळेत, लग्नकार्यात, कुठेही रंगवून सांगतो. लोक पोट धरून हसतात. पुढचं मात्र मी कधी सांगत नाही.

मोहीमवाल्यांची एक अट होती. पन्नाशी ओलांडलेल्यांनी पाच किलोमीटर चाळीस मिनिटांत पळून दाखवायचं आणि फोनमध्ये त्याची नोंद होते ती पाठवायची. साडू पस्तिसात पळाले. मला बावन्न मिनिटं लागली. दुसऱ्यांदा पंचावन्न. नोंद पाठवायला दोन दिवस उरले तेव्हा मी मैदानावर त्यांना म्हणालो, "उद्या पळताना माझा फोन तेवढा तुमच्या खिशात ठेवा."

ते बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिले. मग म्हणाले, "आसं करू नये पाव्हनं. मोटारीचा कागद बदलला म्हनून मोटार जास्त पानी उचलत न्हाय."

मी म्हणालो, शाळेत सगळ्यांना सांगून बसलोय, आता माझी लाज तुमच्या हातात आहे. नात्याने मी मोठा. मोठ्याने असं म्हटल्यावर ते काय करणार? दुसऱ्या दिवशी ते दोन खिशांत दोन फोन घेऊन पळाले आणि मी लिंबाखाली चहा पीत बसलो. त्यांनी माझ्याकडून एकच कबूल करून घेतलं, की निघेपर्यंत रोज त्यांच्याबरोबर चालायचं. मी चार दिवस गेलो.

व्हायचं तेच झालं. तिसऱ्या मुक्कामावर दुपारी माझं डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या, मग पायाखाली जमीन ठरेना. बर्फाची रेघ तिथून दिसत होती, जेमतेम तासाभराच्या वाटेवर. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे तिथून वर जाणार होते. वाटाड्याने माझ्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून बघितला आणि मला ताबडतोब खाली न्यायला सांगितलं. न्यायला त्याचा माणूस होता. साडूंनी येण्याची काही गरज नव्हती, हे वाटाड्याने मला दोनदा समजावून सांगितलं. तरी मी साडूंची बाही धरली. मला एकट्याला सोडू नका, म्हणालो. मला भीती वाटत होती, आणि ती भीती खरी होती, पण मी काय मागतोय हे कळत नव्हतं असं मात्र नाही.

साडूंनी एकदा त्या रेघेकडे पाहिलं. मग स्वतःची पिशवी आवरायला घेतली. "आयतु," म्हणाले. म्हणजे कानडीत बरं, झालं. "मोटारीनं हवा धरली की आदी तिला खाली घ्यायची, बाकीचं मागनं बघायचं." सबंध उतारावर माझी पिशवीही त्यांच्याच पाठीवर होती. खाली पोचल्यावर त्यांनी मला कडक भाकरी चुरून पाण्यात कालवून भरवली.

सोलापूर स्टेशनवर दोघी बहिणी घ्यायला आल्या होत्या. इतक्या लवकर कसे परत, असं मेव्हणीने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत साडू म्हणाले, "मलाच दम लागला. दाजींनी खाली आनलं मला." का म्हणाले ते मला तेव्हाच समजलं. माझा दम संपला म्हटलं असतं तर मग पाच किलोमीटर पळालात कसे, हा प्रश्न आला असता. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि सामान उचललं. शाळेने माझा सत्कार केला. साथीदारासाठी शिखर सोडणारे सर, असं मुख्याध्यापक बोलले. मी शाल पांघरून घेतली. घरी-दारी साडूंच्या स्वेटरची, ज्वारीच्या पिशवीची चेष्टा होत राहिली, एवढं करून शेवटी दमच लागला म्हणून. साडूही हसत. मीही हसायचो, आणि हे लिहिताना त्याची सगळ्यात जास्त लाज वाटते.

यंदा त्यांनी पुन्हा जायचं काढलं. मेव्हणीने साफ नकार दिला. "जीव जाता जाता राहिला, आता न्हाय पाठवायची," एवढंच तिचं म्हणणं, आणि तिच्या बाजूने ते बरोबरच आहे. साडूंनी वाद घातला नाही. मला एका शब्दाने विचारलं नाही.

गेल्या महिन्यात रविवारी आम्ही दोघं नवरा-बायको त्यांच्याकडे जेवायला होतो. शेंगाची पोळी होती. मी मनाचा हिय्या करून सांगून टाकलं. दम मला लागला होता, ते माझ्यामुळे परतले, त्यांना काही झालेलं नाही, त्यांना जाऊ दे. फोनचंही सांगितलं.

 मेव्हणीचे डोळे भरून आले. "दाजी, तुमचं मन लई मोठं हाय," ती म्हणाली. "ह्यांची हौस व्हावी म्हनून सगळं सोतावर घ्यायलाय." माझी बायको म्हणाली की हे असेच आहेत, शाळेतसुद्धा पोरांच्या चुका अंगावर घेतात. मी पुन्हा सांगितलं, शपथ घातली, साडूंना म्हणालो तुम्ही तरी बोला. "जेवा की पाव्हनं, पोळी गार व्हायलीय," ते म्हणाले. मेव्हणीने माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली, वर तूप सोडलं. ती मी खाल्ली.

निघताना साडू फाटकापर्यंत आले. मी म्हणालो, माझ्यावर विश्वासच ठेवत नाहीत हो. त्यांनी फाटकाची कडी दोनदा लावून काढून बघितली.

"एकदा परत सांगून बगा," ते हळूच म्हणाले. "पन मी नसताना सांगा. मी समोर असलो की तुमी माझं मन राखताय आसं वाटतंय तिला. दुपारी एकलीच आसती घरात." मग कडी लावता लावता, "जमलं तरच बरं का."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी हो म्हणालो. त्याला आता चार आठवडे झाले. माझी शाळा साडेबाराला सुटते आणि त्यांचं घर वाटेवरच आहे. रोज तिथे आलो की मी स्कूटरचा वेग कमी करतो. मेव्हणी कधी कधी अंगणात कपडे वाळत घालत असते, मला बघून हात करते. मीही हात करतो आणि घरी जेवायला जातो.