खड्ड्यात सोडलेला कंदील

लढाईच्या दिवसांत मी लोणावळ्याला रेल्वेत खलाशी होतो. लाइनीपल्याड आमचं खोपट. मी, बायको आणि माझी म्हातारी आई. जपानी विमानं येणार, घाटातली रेल्वे फोडणार, असं जो तो बोलायचा. हवाई हल्ल्यासाठी नेमलेला वॉर्डन घरोघर सांगून गेला, "परड्यात खड्डा खणा. भोंगा झाला की आत बसायचं."

मी खणला. पुरुषभर खोल. वर रुळाखालचे जुने लाकडी स्लीपर, त्यावर पत्रा, पत्र्यावर माती. एक माणूस उतरेल एवढं तोंड. पावसाळ्यात तो भरला. पाऊस सरल्यावर पाणी उपसलं, चिखलावर गुडघाभर भाताचा पेंढा टाकला, तोंडावर फळी ठेवून शेणमातीनं लिंपून घेतली. साप जाऊ नये म्हणून. आम्ही मावळातली माणसं, भाताची कणगी अशीच लिंपतो.

बायको कोरड्या मुलखातली, इंदापूरकडची. तिच्या माहेरी जोंधळा जमिनीखाली पेवात ठेवत. ती म्हणाली, "अवो, तोंड उघडं ठेवा. कोंडलेली जागा मानूस खाती. आमच्याकडं पेव उघडलं की आधी दिवा सोडत्यात, मग मानूस."

आई चुलीपुढनं बोलली, "तुझ्या म्हायेरी पानी न्हाई, नुसती भोकं हायेत जमिनीत. ती हितं नको आनूस."

मी हसलो. आईच्या बाजूनं हसलो.

पंधरा दिवसांनी दुपारी जेवताना भोंगा झाला. चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. ताटं टाकून आईला घेऊन परड्यात पळालो. पहारीनं फळी उचकटली. आंबूस वास आला, पण वासाकडं कोण बघतो? आईला बखोटीला धरून तोंडाशी बसवलं. तिचे पाय आत लोंबत होते.

तेवढ्यात बायको घरातनं आली. हातात पेटलेला कंदील, त्याला घागरीचा दोर. कंदील खाली ठेवून तिनं मागनं आईच्या कमरेला मिठी घातली.

"सोड गं सटवे! इमानाखाली मारतीस का मला?"

"आत्याबाई, दिवा जाऊ द्या आधी."

"सोड तिला!" मी ओरडलो, आणि बायकोला लाथ घातली. घातली ते घातली, लपवत नाही. तिनं मिठी सोडली नाही.

"मारा अजून. पन दिवा सोडा."

भोंगा चालूच. शेजारची माणसं केव्हाच आपापल्या खड्ड्यांत गेली होती. एकदाचं होऊन जाऊ दे म्हणून मी कंदील सोडला. कमरेइतका गेला, ज्योत बारीक झाली. आणखी खाली गेला, विझला.

वाऱ्यानं विझला असेल म्हणून वर ओढला. काडी ओढून पेटवला. पुन्हा सोडला. पुन्हा विझला. आणि वारा तर नव्हताच.

आईनं आपले पाय आपणच वर घेतले.

आम्ही तिघं बांधाआड पालथे पडलो. आई मधे. तिनं बायकोचं मनगट धरलं होतं, ते धोका टळल्याचा लांब एकसुरी भोंगा होईस्तोवर सोडलं नाही. विमान आलं नाही. तालीम होती म्हणे.

संध्याकाळी वॉर्डन आला. "खड्ड्यात का नाही बसलात?"

"आत हवा कोंडली होती," मी म्हणालो. "मी दिवा सोडून पाहिला."

त्यानं मला शाबासकी दिली. वस्तीत चार घरी मला दिवा सोडून दाखवायला नेलं. दोन घरची माणसं दुपारी कामावर होती, त्यांचे खड्डे लिंपलेलेच होते; तिथं विझला. लोक पाया पडायचे तेवढे राहिले होते. बायको दारात कंदिलाची काच पुसत ऐकत होती. आईनं त्या दिवसानंतर तिचं माहेर कधी काढलं नाही.

गेल्या माघात बायको गेली. दहाव्याला वस्तीतला एक म्हातारा सगळ्यांदेखत म्हणाला, "आबा, तुमच्या दिव्यानं आमचं घर वाचलं बगा."

मी मान डोलावली. तिच्या दहाव्याला.

म्हणून आता लिहून ठेवतो. दिवा तिनं आणला होता. मी आईला खाली सोडत होतो.