न रुसणारी विहीण

वहिनी गेली त्याच्या आधीच्या रविवारची गोष्ट. इस्पितळातल्या खाटेवर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरला नव्हता. संध्याकाळी नेहमीच्या वेळेला फोन वाजला तशी म्हणाली, "वन्सं, मला जरा टेकून बसवा." मी पाठीशी उशा लावल्या. व्हिडिओ तिने केव्हाच बंद करून टाकला होता, 'कॅमेरा खराब झालाय' असं सांगून. नुसता आवाजच जाणार होता, तरी तिने पदर सारखा केला. पलीकडे अमेरिकेतली तिची विहीण कॅरोल. तिने विचारलं, "हाऊ आर यू, सुमती?" आणि माझी वहिनी, जिला कूस बदलायला दोन माणसं लागत होती, ठणठणीत आवाजात म्हणाली, "फाईन, फाईन! हाऊ अबाउट यू?" मग हवेची चौकशी झाली, कॅरोलच्या कुत्र्याची झाली, बागेतल्या टोमॅटोची झाली. फोन ठेवला आणि वहिनी उशीवर कोसळलीच. बऱ्याच वेळाने डोळे न उघडता विचारलं, "काही कळलं का हो?" मी म्हटलं, "कशाचं?" "तिच्या आतलं..." मी मान हलवली. तिला दिसली नसावी. बुधवारी वहिनी गेली.

सुमतीवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर ग्वाल्हेरचं. बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरात लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत जात होते. पुढे मी मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, लग्न केलं नाही, दादा गेला, आणि घरात उरलो आम्ही दोघी. लोक म्हणायचे, वहिनी भोळी आणि नणंद संशयी. माझ्याबद्दल खरं आहे ते. मी भाजीवाल्याच्या तराजूवर विश्वास ठेवत नाही आणि डॉक्टरांच्या हसण्यावर तर मुळीच नाही. पण वहिनी भोळी? राम राम म्हणा! ती माझ्यापेक्षा पक्की होती. फरक एवढाच की मला शंका आली की गल्लीभर कळायचं, आणि तिला आली की ती समोरच्याला आणखी एक लाडू वाढायची आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायची.

तिची एकुलती एक लेक मुक्ता. ओहायोत शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तिथल्याच डॅनशी लग्न केलं. लग्न तिकडे, चार माणसांत, कचेरीत सह्या करून. मग जावई आणि विहीण इकडे आले. वहिनीने ठरवलं, इथे सगळं रीतीप्रमाणे करायचं. विहिणीचे पाय धुतले, तर ती आधी घाबरली आणि मग घळाघळा रडली. आहेराची साडी हातात दिली, तर सगळ्यांसमोर टराटरा कागद फाडून उघडली आणि छातीशी धरून म्हणाली, "आय लव्ह इट!" आमच्याकडे आहेर असा चारचौघांत उघडून बघतात का? मी आणि वहिनीने एकमेकींकडे बघितलं. पंगतीत तर कहरच झाला. वाढणाऱ्याने सगळ्यांच्या पुरणपोळीवर तूप वाढलं आणि नेमकी विहिणीची पोळी कोरडी राहिली. माझ्या काळजाचं पाणी झालं. एवढ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद झालेली घरं मी बघितली आहेत. आणि ही बाई कोरडी पोळी खाऊन म्हणते कशी, "वंडरफुल!" वर मुक्ता तिला कॅरोल, कॅरोल म्हणून नावाने हाक मारते... सासूला! तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हटलं, वहिनी, एवढं गोड माणूस असत नाही, यात काहीतरी पाणी मुरतंय.

पाहुणे गेले, पितळेची भांडी घासून जागच्या जागी लागली, आणि एक दिवस भाजी निवडताना वहिनी म्हणाली, "मला इंग्रजी शिकायचंय." मला वाटलं, गेली! आता ही घर विकणार आणि अमेरिकेत जाऊन नातवंडं सांभाळणार. मी चार दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तिने मात्र लंका नावाच्या भागातल्या एका वर्गाची चौकशी करून नाव घातलं. मी सोबत गेले, म्हटलं बघू तरी कोण भामटा आहे. चपलांच्या दुकानावरच्या खोलीत मिश्रा सर म्हणून एक तरतरीत गृहस्थ 'रोजच्या बोलण्याचं इंग्रजी आणि अमेरिकन रीतीभाती' शिकवायचे. ते स्वतः अमेरिकेला कधी गेलेले नाहीत, हे मी पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून काढून घेतलं. समोर घाटावरचे गाईड, साड्यांच्या दुकानातले सेल्समन, हॉटेलात लागू पाहणाऱ्या मुली, आणि मध्ये आमची वहिनी, मांडीवर पिशवी घेऊन.

सर सांगायचे, अमेरिकन माणसाला वय विचारू नका, पगार विचारू नका, मूल का नाही ते तर विचारूच नका. चहा एकदाच विचारायचा, नको म्हणाला की विषय संपला. त्याचा सराव चालला होता. एक साडीवाला झाला अमेरिकन शेजारी, वहिनी झाली घरधनीण. तिने विचारलं, "वुड यू लाईक सम टी?" तो म्हणाला, "नो, थँक यू." आता हिने 'ओके' म्हणायचं होतं. वहिनीचे ओठ हलले, पण ओके काही निघेना. शेवटी न राहवून म्हणाली, "अहो, अर्धा कप तरी घ्या हो!" वर्ग हसून लोटपोट. सरांनी आणखी एक गोष्ट घोटून घेतली, "माताजी, हाऊ आर यू कोई सवाल नहीं है, वो उनका नमस्ते है. जवाब हमेशा फाईन." वहिनीने विचारलं, "और तबीयत सचमुच खराब हो तो?" "तो भी फाईन. वहाँ कोई अपना दुखड़ा नहीं रोता." वहिनीने मान डोलावली. मग हळूच विचारलं, "सर, वहाँ समधिन रूठती कैसे है?" सर गडबडलेच. म्हणाले, "रूठना उनके कल्चर में नहीं है, माताजी."

परतताना गोदौलियाच्या गर्दीत ई-रिक्षा अडकली तेव्हा वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्हाला वाटतं मी गप्पा मारायला इंग्रजी शिकते. गोड बोलण्याच्या खाली काय आहे ते कळायला शिकते मी. मुक्ताला तिकडे आपलं असं कुणी नाही. उद्या मी नसले तर ही बाई तिच्या बाजूने उभी राहील, की वंडरफुल म्हणून आपल्या घरी निघून जाईल? एवढं मला कळायला हवं." मी म्हटलं, "ते इंग्रजीने कसं कळणार?" तर म्हणाली, "रुसली की कळेल. रुसायला हक्क लागतो. परक्याच्या घरी कुणी रुसतं का?"

मग सुरू झाले तिचे डाव. रविवारच्या फोनवर बोलता बोलता ती विहिणीला खडे टाकून बघायची. कॅरोलच्या वाढदिवसाला मुद्दाम फोन केला नाही. पुढच्या रविवारी कॅरोल म्हणाली, "नो वरीज!" डॅनच्या मावशीला भारी रेशमी साडी पाठवली, विहिणीला साधी सुती, आणि वर ते बोलूनही दाखवलं. कॅरोल म्हणाली, "दॅट्स सो स्वीट!" माझं डोकं फिरायचं. म्हणायचे, अगं, या बाईला राग येतच नाही, की तुझी फिकीरच नाही? वहिनी फोन पदराने पुसून ठेवून द्यायची. पण एक होतं. तिचं इंग्रजी भराभर सुधारत गेलं. टोमॅटोला कीड कशी लागते, कुत्र्याचा पाय कसा मुरगळला, कॅरोलचा नवरा तिला सोडून गेला तेव्हा ती कशी एकटीने डॅनला वाढवत गेली... हे सगळं तिला समजायला लागलं होतं. कधी कधी दोघी तासभर बोलायच्या. मी विचारलं की म्हणायची, "बोलते हो छान. पण बोलणंच ते."

त्यानंतर मुक्ताला दिवस गेले आणि त्याच सुमारास वहिनीच्या पोटात गाठ निघाली. गाठ पसरलेली होती. तिकडे मुक्ताला डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलेलं. वहिनीने मला देवासमोर उभं केलं आणि शपथ घातली, "मुक्ताला कळता कामा नये. आणि विहिणीला तर नाहीच. तिला कळलं की ती मुक्ताला सांगणार." मी कबूल झाले. माझाही कॅरोलवर काडीचा विश्वास नव्हता. आता पहिलं बाळंतपण म्हणजे आईचा मान, आणि आईचं काम. वहिनीला जाता येणार नव्हतं. तिने कॅरोलला सांगितलं की घराची डागडुजी काढलीये, म्हणून येणं जमत नाही. मी बाजूला बसून ऐकत होते. आपल्याकडची कुठलीही विहीण असती तर घर डोक्यावर घेतलं असतं, की पोटच्या पोरीपेक्षा हिला भिंती मोठ्या! कॅरोल क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आय अंडरस्टँड. डोन्ट वरी, आय विल बी देअर." त्या दिवशी फोन ठेवल्यावर वहिनी पहिल्यांदा रडली. म्हणाली, "हिला खरंच काही वाटत नाही का हो, वन्सं?"

त्यानंतरही ती दर रविवारी फाईनच राहिली. शेवटच्या रविवारचं मी सांगितलंच. बुधवारी चुलतपुतण्याने मणिकर्णिकेवर सगळं केलं. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत डॅनला कळवलं आणि त्याने मुक्ताला सांगितलं. तिला काही विमानात बसता येणार नव्हतं. फोनवर ती आणि मी नुसत्या रडलो. आणि कॅरोल? तिचा फोन नाही, निरोप नाही, दोन ओळी नाहीत. रविवार आला. संध्याकाळी मी फोन समोर घेऊन बसले होते. वाजला नाही. पुढच्या रविवारीही नाही. म्हटलं, घ्या! माणूस गेलं, वंडरफुल संपलं. माझा संशय खरा ठरला याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. वहिनीने एवढा जीव पाखडला तो या बाईसाठी?

मग मुक्ताला मुलगी झाली. काही दिवसांनी तिने व्हिडिओवर बाळ दाखवलं, अगदी वहिनीचं कपाळ. मी विचारलं, "तुझ्याजवळ कोण आहे गं?" म्हणाली, "कॅरोल आहे ना. आई गेल्याचं कळलं त्या दिवसापासून इथेच आहे. आपलं घर बंद करून आलीये. रात्री बाळाला तीच घेते." मी लगेच म्हटलं, "मग मला एक फोन करायला तिचे हात दुखतात?" मुक्ता हळू आवाजात म्हणाली, "आत्या, ती तुझ्यावर रागावलीये."

"कुणावर? माझ्यावर?"

"तुझ्यावर, आईवर, सगळ्यांवर. म्हणते, सुमतीने मला दर रविवारी फाईन सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. मला घरातलं समजल्या असत्या तर सांगितलं असतं. मी मुक्ताला कळूही दिलं नसतं आणि पहिल्या विमानाने बनारसला गेले असते. म्हणते, इतकी वर्षं मला पाहुणीच समजल्या. आत्या, चिडले तर मीही आहे. पण या बाळापायी मला धड चिडताही येत नाही..."

पुढच्या रविवारची वाट बघत बसण्याइतका धीर मला नव्हता, तरी वेळ तीच धरली. वहिनीच्या जागेवर बसून तिच्या फोनवरून कॅरोलला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला. मी घाईघाईने म्हटलं, "कॅरोल, दिस इज कुमुद, सुमतीज सिस्टर-इन-लॉ. हाऊ आर यू?" मग ती म्हणाली, "आय अ‍ॅम व्हेरी अँग्री विथ यू, कुमुद." त्यानंतर ती जे बोलत सुटली त्यातलं निम्मं मला कळलं नाही. एवढं कळलं, की त्यात एकही वंडरफुल नव्हता, एकही थँक यू नव्हता. "शी वॉज माय फॅमिली," म्हणाली, "अँड यू डिडन्ट लेट मी से गुडबाय." आणि माझं उत्तर ऐकून न घेता, बाय न म्हणता, तिने खाडकन फोन बंद केला.

हसू की रडू ते कळत नव्हतं, बहुतेक दोन्ही चाललं होतं. रिकाम्या घरात मी मोठ्याने म्हटलं, "वहिनी, अगं, रुसली! तुझी विहीण रुसली गं..." ऐकायला ती नव्हती. मला तिचा भयंकर राग आला. बाई, आणखी महिनाभर तरी थांबायचं होतंस.

आता मी सोमवारी आणि गुरुवारी लंकेवर मिश्रा सरांच्या वर्गाला जाते. त्यांना विचारलं, रुसलेल्या माणसाची इंग्रजीत समजूत कशी काढतात. ते म्हणाले, माताजी, एक बार सॉरी बोलिए, बात खतम. या माणसाला काही कळत नाही, हा माझा संशय पहिल्यापासून होता. दर रविवारी संध्याकाळी मी कॅरोलला फोन लावते. ती कधी उचलत नाही, कधी उचलून 'बिझी' म्हणून ठेवून देते. मागच्या रविवारी मात्र ठेवण्याआधी तिने बाळ किती दूध पितं ते तुटकपणे सांगितलं. मी येत्या रविवारी पुन्हा लावणार आहे. विहीण आहे ती आमची. एका सॉरीने कशी ऐकेल?