चाकणला झाकून ठेवलेली थाळी

पप्पा चाकणच्या कामगारांच्या चर्चला ‘येतो’ म्हणाले आणि त्यांचा विचार बदलायच्या आत मी रविवार ठरवून टाकला. नऊ वर्षं ते चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीची थाळी न घेता पुढे सरकवतात. प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर असताना टार्गेटसाठी त्यांनी मशीनचा सुरक्षेचा सेन्सर बंद करायला लावला आणि त्यावर काम करणाऱ्या गणेशकाकांची तीन बोटं गेली. ‘आधी लायक होतो, मग घेतो,’ म्हणतात. तारण, म्हणजे देवाची क्षमा, कमवायचं नसतं, हे घरातली पहिली पदवीधर या नात्याने मी त्यांना इतकं समजावलंय की आता माझाच आवाज मला नकोसा वाटतो.

काळेवाडीहून साडेआठला रिक्षाने नाशिक फाटा, तिथून चाकणची बस. सुटे पैसे आणि पाणी ठेवा. इकडे बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, त्यामुळे रविवारी रस्ता मोकळा मिळेल या भ्रमात राहू नका. मी राहिले. चाकणच्या अलीकडे कुरुळीला कंटेनरांमागे तासभर उभे.

‘राव, चालत गेलो असतो तर जेवून झोपलो असतो!’ मागून एकजण.

‘उतरा की भाऊ, गुडघे तुमचेच आहेत,’ कंडक्टर.

दहाची उपासना. आम्ही पोचलो पावणेबाराला. चर्चच्या पत्र्याच्या शेडमधून लोक चपला शोधत बाहेर पडत होते.

‘बघ, संपलं,’ पप्पा म्हणाले. ते सुटल्यासारखे दिसत होते, त्याचाच मला जास्त राग आला.

सतरंज्या झटकणाऱ्या मार्थामावशी म्हणाल्या, ‘काय संपलं? झाकून ठेवलंय. पहिल्या शिफ्टची पोरं साडेतीनला सुटली की परत होतं.’

‘ती कामावर होती, मावशी. माझं तसं नाही.’

‘उशीर का झाला ते विचारून वाढत नाही आम्ही. बसा.’

वडापाव खाऊन चार तास बसलो. पोरं ग्रीसच्या डागांसकट आली. पाळकांनी थाळी पुढे केली तेव्हा पप्पांनी सगळ्यांदेखत बोटांचं सांगून टाकलं. मला वाटलं, पाळक माझ्यासारखंच म्हणतील, एवढं मनाला लावून घेऊ नका.

‘चूक तुमचीच होती,’ ते म्हणाले. ‘येशूने ती स्वतःवर घेतली, म्हणून तर ही भाकर. घ्या.’

पप्पांनी घेतली.

परतीलाही कुरुळीला तेवढाच वेळ गेला. घरी पाय धुताना पप्पांनी आईला विचारलं, ‘गणेश कुठं असतो गं आता?’ नऊ वर्षांत हे नाव त्यांनी घरात काढलं नव्हतं.

‘राजगुरुनगरला.’

म्हणजे चाकणच्याही पुढे! तीच बस, तीच कुरुळी. मी डोक्याला हात लावला.

‘मग सकाळी सहालाच निघू,’ पप्पा म्हणाले.