हीटर चालतो ना?

आमच्या गॅरेजांच्या रांगेत सगळे त्यांना वैद्य म्हणत. गाडी परत देताना ते गिऱ्हाइकाला पथ्य सांगायचे, म्हणून. चढावर दमवू नका, गार इंजिन लगेच पळवू नका, आठ दिवस ओझं देऊ नका. इंजिन बदलणं हे त्यांचं खास काम होतं. म्हाताऱ्या गाडीचं निकामी इंजिन उतरवून दुसऱ्या जातीचं धडधाकट इंजिन ते असं बसवत, की गाडी जन्माला आली तीच त्याच्यासह असं वाटावं. शेजारच्या शेडमध्ये मी गाड्यांची सीटं शिवायचो. "गादीमास्तरांनी पहिला टाका स्वतःच्या तोंडाला घातलाय," असं ते माझ्याबद्दल सगळ्यांना सांगायचे. खोटं नव्हतं ते.

वैद्यांचा हात चांगला होता, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून कोणाला तसं वाटणार नाही.

डॅशबोर्डच्या मागे हीटरचा एक लहानसा रेडिएटर असतो. इंजिनातलं गरम पाणी एका पाइपातून त्यात येतं, दुसऱ्यातून परत जातं. त्यावरून वारा फिरला की गाडीत ऊब येते आणि समोरच्या काचेवरची वाफ निघून जाते. परक्या जातीचं इंजिन बसवलं की हे पाइप जुळत नाहीत. त्यात हीटर जुना, गळका असेल तर तो बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. दोन दिवस त्यातच जातात. आमच्याकडे बारा महिने उकाडा. मग वैद्य इंजिनाची ती दोन तोंडं एका वाकड्या पाइपानं एकमेकांना जोडून टाकत. पाणी इंजिनातून निघालं, इंजिनातच परत गेलं. हीटर कोरडा. डॅशबोर्डवरचा खटका मात्र जागच्या जागी राहायचा आणि छान सरकायचा. गिऱ्हाइकानं विचारलंच, "हीटर चालतो ना?" तर वैद्य हात पुसत म्हणायचे, "चालतो."

मला हे ठाऊक होतं. गळक्या हीटरनं भिजलेले गालिचे बदलायला माझ्याकडेच यायचे. नवा गालिचा पुन्हा भिजला नाही, यातच सगळं आलं. पण मी कधी काही बोललो नाही.

वैद्यांना एकच मुलगी. जावई घाटापलीकडच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागला, तेव्हा लेक-जावयाच्या जुन्या गाडीचं इंजिन निकामी झालं होतं. हजर व्हायला पाच दिवस उरलेले. वैद्यांनी स्वतः निवडून एक इंजिन आणलं आणि बसवलं. पोरगी घाट चढून जाणार म्हणून ब्रेक नवे, क्लच नवा, टायर नवे. एकेक नट स्वतः आवळला. वहिनी डबा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, लग्नातसुद्धा एवढी धावपळ केली नव्हती यांनी. मी गालिचा उचलला तर खाली ओल. "हीटर गळतोय," मी म्हणालो. वैद्य ब्रेकच्या नळीत अडकले होते. "बघतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी गालिचा कोरडा होता आणि बॉनेटखाली तो वाकडा पाइप होता. डोकं ब्रेकमध्ये होतं. हातांनी सवयीनं आपलं काम उरकलं होतं. बोलावं असं मला फार वाटलं. त्यांना माहीत असेलच, असं म्हणून मी सीट शिवत बसलो.

निघायच्या दिवशी सामान भरून झालं. लेक पुढं बसली, मांडीवर सात महिन्यांचं बाळ. खिडकीतून तिनं विचारलं,

"बाबा, हीटर चालतो ना? वर फार गारठा असतो म्हणतात."

"चालतो," वैद्य म्हणाले.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि वैद्य पाना हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग स्टुलावर बसले. समोर एक इंजिन उघडं पडलं होतं, त्याला त्यांनी हात लावला नाही. वहिनींनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाले. मीही सुईत दोरा ओवायला गेलो आणि तो दहा वेळा चुकला. आम्हा दोघांना एकच गोष्ट माहीत होती आणि दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो. दुपारी एकला ते माझ्या दारात आले.

"गादीमास्तर, तुमची व्हॅन काढा."

कुठं, हे मी विचारलं नाही. तेव्हा खिशात फोन नसायचे. मागं जाऊन गाठण्यावाचून दुसरा इलाज नव्हता, आणि लेक-जावई दोन तास पुढं होते.

घाटाच्या पायथ्याशी ऊन होतं. चार वळणांनंतर ते गेलं. आठव्या वळणावर ढग रस्त्यावर उतरला आणि बारीक पाऊस काचेला चिकटू लागला. वायपर बाहेरून पुसत होता, वाफ आतून धरत होती. वैद्य रुमालानं पुसत राहिले. पुसलेलं दोन श्वासांत पुन्हा पांढरं व्हायचं. उजवीकडे दरी होती, पण ती आता नुसती ऐकू येत होती. मी हीटरचा खटका सरकवला. पंखा घुरघुरला, आणि गारच वारा आला. आणखी सरकवला. गारच.

या व्हॅनचं इंजिन सहा वर्षांपूर्वी वैद्यांनीच बदललं होतं.

"माझीही?" मी विचारलं.

त्यांनी रुमाल पिळला. "तुमचीही," म्हणाले. "तुम्ही कुठं जाता गारठ्यात, असं वाटलं."

खिडकीबाहेर डोकं काढून पांढऱ्या पट्ट्याच्या आधारानं चालवत राहिलो. कानाला जाणीव उरली नाही. प्रत्येक वळणावर वैद्य कठड्याकडे बघायचे. कठडा अखंड दिसला की श्वास सोडायचे. एका ठिकाणी तीन दगड निखळलेले होते. मी थांबलो. ते उतरून कडेपर्यंत गेले, वाकले, बराच वेळ वाकूनच राहिले. परत येऊन म्हणाले, "जुनं आहे. गवत उगवलंय."

त्याच्या पुढच्या वळणावर गाडी दिसली. डोंगराच्या बाजूच्या गटारात पुढचं चाक, बॉनेट कड्याला टेकलेलं. ब्रेक नवे होते म्हणून तिथंच थांबली. दरीच्या बाजूला गेली असती तर ब्रेकचा काय उपयोग होता, कोण जाणे. जावयाच्या कपाळाला रुमाल बांधलेला. लेक मागच्या सीटवर बाळाला पदराखाली घेऊन बसली होती. बाळ रडत होतं. ते ऐकताच वैद्य रस्त्यावर बसले.

"बाबा, हीटर लागलाच नाही हो," जावई म्हणाला. "काहीच दिसेना. पाइप निसटला असेल का?"

हो म्हणायला एक शब्द पुरला असता. वैद्य माझ्याकडे बघत होते.

"नाही. मीच काढलाय," ते म्हणाले.

लेकीनं बापाकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बाळाचं टोपडं सारखं केलं आणि विचारलं, "असं अजून किती जणांना चालतो म्हणून सांगितलंय?"

तेवढ्यात खालून एक गाडी आली, प्रवाशांनी भरलेली, बॉनेट एका रंगाचं आणि बाकी अंग दुसऱ्या. आतून दोन-तीन हात काच पुसत होते. वैद्य उठून तिच्यामागं धावले, दोन्ही हात हलवत. त्या काचेतून कोणाला दिसणार. गाडी वर ढगात शिरली. मागचा लाल दिवा थोडा वेळ दिसला, मग तोही नाही.

"तीही मीच केलेली, महिन्यापूर्वी," परत येऊन ते मला म्हणाले.

गटारातून गाडी काढून आम्ही सगळ्यांना खाली आणलं. जावई दोन दिवसांनी बसनं गेला, लेकही. जाताना तिनं सांगितलं, "आधी सगळ्यांना सांगून या, बाबा. मग माझ्याकडे या." वैद्यांनी आठवून आठवून यादी केली, एकेचाळीस गाड्यांची. मी व्हॅन घेऊन बरोबर जायचो. दारात उभं राहून ते तेच वाक्य बोलायचे: तुमचा हीटर चालत नाही, मी खोटं सांगितलं होतं. बरेच जण हसले. इथं कुठं लागतो हीटर, म्हणाले. एकानं शिव्या दिल्या, एकानं चहा पाजला. पंधरवड्यात चाळीस झाले.

एकेचाळिसावं घर घाटात ढगात शिरलेल्या त्या दुरंगी गाडीवाल्याचं होतं. ते वैद्यांनी शेवटी ठेवलं होतं. दाराला कुलूप होतं आणि उंबऱ्याशी पंधरा दिवसांच्या वर्तमानपत्रांची चळत पडलेली, खालची ओली होऊन फुगलेली. अंगणात गाडी नव्हती. शेजारच्या घरात दिवा होता, माणसं बोलत होती.

"विचारू का?" मी म्हणालो.

वैद्य पायरीवर उभे होते. "नको," म्हणाले.

त्यांनी ती वर्तमानपत्रं गोळा केली, भिंतीला लावून नीट रचली, आणि आम्ही परतलो. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. लेक दर सुट्टीत यायची, दरवेळी बोलवायची. घाटापलीकडे ते कधीच गेले नाहीत.