मोबाईलातच बरं वाटणारं गाणं

हे मी घरात बोललेले नाही, माहेरी नाही, देवापुढेसुद्धा नाही. देवाला म्हणे सगळं ठाऊक असतं — मग त्याला वेगळं सांगायचं कशाला? तुम्ही आमच्या वाडीतले नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मध्येच उठून फेऱ्या मारल्या तर राग मानू नका. हा विषय निघाला की मला एका जागी बसवत नाही.

आमच्या सुरेखाचं गाणं तुम्ही कदाचित ऐकलंही असेल. मोबाईलवर फिरलं होतं. सुरेखा म्हणजे माझी धाकटी जाऊ. नारळ खवताना काहीबाही गुणगुणायची, स्वतःच जुळवलेलं — दोन-चार ओळी, पाळण्यातल्या पोराशी बोलल्यासारख्या. एका दुपारी मी सहज फोन तांदळाच्या डब्यावर ठेवला, रेकॉर्ड केलं आणि मुंबईला मुलाला पाठवलं. त्याने पुढे पाठवलं, ‘आमच्या काकीचं गाणं’ असं लिहून. मग काय विचारता! लांजा, चिपळूण, पार दुबईहून फोन यायला लागले. ऐकताना घर आठवतं, म्हणायचे.

पण एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. सुरेखाचा दम तोकडा. ओळ संपत आली की ती श्वास घ्यायला थांबते, तेव्हा शेवटचा सूर मी धरते. मासे साफ करता करता, सवयीने. नमन-खेळ्यांत मागे उभे राहून झील धरतात ना, पुढच्याचा सूर उचलून लांबवतात, तशी. ऐकणाऱ्याला वाटतं, एकाच बाईचा आवाज आहे, कुठे तुटतच नाही. माझ्या पोटच्या पोरालाही तसंच वाटलं. स्वतःच्या आईचा आवाज त्याला ओळखू आला नाही! लागलं मला ते. फार लागलं. पण बोलणार कुणाला? दोन सुरांसाठी रुसले म्हणून लोक हसले असते.

पुढे रत्नागिरीत बायकांच्या मेळाव्यात तिला गायला बोलावलं. ती घाबरून गेली. "वैनी, तू हायस ना संगतीला? तू नसलीस तर मी नाय गायाची."

"हाय गो मी," मी म्हटलं.

स्टेजवर माईक एकच. मी तिच्या खांद्याशी उभी. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी सुरेखाचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या, आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "पाणी-बिणी द्यायला थांबलाय का? मग जरा मागे व्हा ना."

सुरेखाला ते ऐकूही गेलं नाही. तिने सुरुवात केली. ओळ संपली, ती श्वासाला थांबली — आणि मी गप्प राहिले. मुद्दाम. आवाज होता हो माझ्यात, अगदी जिभेवर होता! पण मनात आलं, कळू दे आता सगळ्यांना. काय कळणार होतं डोंबल? गाणं तुटतंय, एवढंच कळलं. प्रत्येक ओळीला ती मान वळवून माझ्याकडे बघत होती आणि मी पडद्याकडे बघत होते. शेवटी लोकांनी तोंडदेखल्या टाळ्या वाजवल्या.

खाली उतरल्यावर मी घशाला हात लावून खोटंच म्हटलं, "आवळला गो, आवाजच फुटेना." तिने खरं मानलं. उलट माझीच पाठ चोळत बसली. तेव्हा तरी तोंड उघडायचं की नाही?

जाताना कुणीतरी बाई बोलली, "मोबाईलवरच बरं वाटत होतं." तेवढं मी उचललं. मग जो भेटेल त्याला समजावून सांगायला लागले. साधं गाणं मोबाईलातच शोभतं. तिथे विळीचा आवाज असतो, मागे कावळा ओरडतो, ऐकणारा आपल्या खोलीत एकटा असतो. स्टेजवर दिवे, खुर्च्या, समोर माणसं — एवढंसं गाणं उघडं पडतं. लोक माना डोलवायचे. आणि त्यात खोटं काही नाही, तेच तर! खऱ्याच्या आड असं कुणी लपतं का? मी लपले. सुरेखाने ते माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की तिने गाणंच सोडलं. आता नारळ खवतानाही गप्प असते.

यंदा तिच्या मुलीचं लग्न झालं. हळदीला मुलगी हट्टाला पेटली. "आये, आज तू म्हण. मोबाईल नको."

सुरेखा हसली. "आपलं गाणं मोबाईलातच बरं गो बाय. इचार मोठ्या आयेला."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मुलगीही — हळदीने माखलेलं तोंड, पाटावरून अर्धी उठलेली. ‘गा गो, मी आहे मागे’ एवढंच म्हणायचं होतं. ती गायली असती. मला पक्कं ठाऊक आहे, ती गायली असती.

"खरंय तुझ्या आयेचं," मी म्हटलं, आणि माझाच फोन काढून गाणं लावलं.